कोरडं बोट

परवा सकाळी दारात एक पोरगी येऊन उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, काखेत मतदारयादीचे कागद, केसांवर तुसाची बारीक पूड. आमच्या चाळीसमोर दोन कारखान्यांच्या भिंतींमध्ये भाताचा एक तुकडा कुणाच्या तरी हट्टानं अजून शिल्लक आहे. त्याची झोडणी चालली होती, तिथूनच चालत आली असावी. कागदावर पेन टेकवून तिनं विचारलं, "बाबा, गाव?"

आणि माझी वाचाच बसली.

मी चौथी नापास माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी माझे काने-मात्रे मोजत बसायला नको. पण उत्तराला मी कधी कुणाला हटलो नाही. राखोलीच्या धागा कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा होतो, तेव्हा मालकाच्या मेव्हण्यालाही पास दाखवल्याशिवाय आत सोडलेलं नाही. अशा माणसाची बोलती दोन अक्षरांनी बंद व्हावी, याचा मलाच धक्का बसतो. तीस वर्षं होऊन गेली. तरी भात कापायचे दिवस आले, कच्च्या पेंढ्याचा तो ओलसर गोड वास नाकात शिरला, की माझ्या डाव्या हाताचं पहिलं बोट आपोआप मुठीत जाऊन लपतं. एका हंगामानं लावलेली सवय आहे ती.

खानदेशातून मी इकडं आलो ते ऐंशीनंतरच्या दोन-तीन वर्षांत. तेव्हा इथं कारखाने पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवत होते. वापीला उतरून टेम्पोत बसलो. थोड्या वेळानं ड्रायव्हर म्हणाला, "गुजरात पत्युं." गुजरात संपला. मी मान डोलावली. आणखी थोडं पुढं गेल्यावर म्हणाला, "पाछुं गुजरात." परत गुजरात. मी दांडा घट्ट धरला. मग पुन्हा, "गयुं." मी विचारलं, "भाऊ, आपण सरळच चाललोय ना?" सगळा टेम्पो हसला. रस्ता सरळच होता. मुलूखच तसा कापलेला, दादरा एकीकडं, हवेली दुसरीकडं आणि मधे गुजरातची पट्टी. चोपन्न सालापर्यंत इथं फिरंग्याचं राज्य होतं, हेही मला त्या टेम्पोतच कळलं. देश सत्तेचाळीस साली सुटला, असं आमच्या मास्तरांनी छडी आपटून शिकवलेलं. म्हणजे सात वर्षं ही माणसं मागंच राहिली होती, आणि आम्हाला कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं. फिरंग्यापेक्षा मला त्या मास्तरांचाच जास्त राग आला.

पहिली दोन वर्षं मी नुसता चाट पडत होतो.

कारखान्यात लखमा म्हणून एक वारली होता. झाडांना पाणी घालायचा, गाड्या भरायचा, आणि कुंपणाला लागून थोडा भात पिकवायचा. माझ्याच वयाचा. त्यानं मला पाड्यावर लग्नाला नेलं. मी धुतलेला सदरा, टोपी, असा पाहुण्यासारखा बसलो. लग्नाची वेळ झाली तरी भटजीचा पत्ता नाही. मी लखमाला कोपरानं ढोसलं, "अरे, भटजी कुठंय?"

"ही काय," लखमा म्हणाला.

समोर एक पिकल्या केसांची बाई बसली होती. लग्न तीच लावत होती, गाणी म्हणून. तिला धवलेरी म्हणतात. बाई लग्न लावते! मी इकडंतिकडं बघितलं, कुणाला काहीच वाटत नव्हतं. आणि नवरदेवापुढं एक दहा वर्षांची पोर नाचत होती. मी म्हटलं, ही करवली कोण? लखमा म्हणाला, "त्याचीच पोरगी." मी टोपी काढून डोकं खाजवलं. या लोकांत कितीदा आधी संसार होतो, मग ऐपत आली की लग्न. त्या दिवशी मी जेवलो नाही, पोट बिघडल्याचं सांगितलं. पुढं कितीतरी वर्षांनी मनात आलं, आमच्याकडं तरी काय होतं? आधी बँड वाजतो, आणि एकत्र राहायचं कसं हे मग जन्मभर शिकत बसायचं.

असे धक्के खात खात मी शिकलो. आणि शिकल्यावर माझ्यातला गुरुजी जागा झाला. शाळेनं मला नापास केलं होतं, पण इथं येणाऱ्या नव्या माणसांना पास-नापास करणारा मी होतो. धुळ्याचे, जळगावचे, नंदुरबारचे पोरगे ट्रंक घेऊन यायचे. पुण्या-नाशिकचे इंजिनियर सूटकेस घेऊन यायचे. दोघेही सारखेच बावळट. रविवार आला की मी त्यांना घेऊन निघायचो. सिल्वासाचं जुनं चर्च दाखवायचो, फिरंगी इथं गुडघे टेकायचा म्हणून. हद्दीवर नेऊन काठीनं मातीत रेघ ओढायचो. "ही रेघ बघा. रेघेच्या अलीकडं बाटली म्हणजे बाजार, पलीकडं बाटली म्हणजे गुन्हा. सिल्वाशाहून दादऱ्याला पाहुणचाराला बाटली घेऊन निघालात, तर मधल्या गुजरातेत पोलीस तुमचा पाहुणचार करतील." मग पाड्यावर. भाताच्या राशीला ओलांडायचं नाही, ती कणसरी, त्यांची देवी. आणि तारपा वाजत असेल, लांब भोपळ्याचं ते वाजणारं, तर नाचता नाचता त्याला पाठ दाखवायची नाही. नाच फिरतो, तोंड मात्र तारप्याकडंच.

नाशिकचे जोशी साहेब म्हणून एक तरुण शिफ्ट इंजिनियर होते. ते म्हणायचे, "नाना, तुम्ही तिकीट लावा." मी म्हणायचो, "साहेब, लावलं असतं, पण तुम्ही अर्ध्या तिकिटाचे." नाना म्हणजे मी. नाव नामदेव, पण ते सहीपुरतं.

मधुबन धरणावरही न्यायचो. तिथं बोलायची मला सवय नव्हती. पहिल्यांदा गेलो ते लखमाबरोबर. पाणी असं पसरलेलं, की डोंगर घोट्यापर्यंत धोतर वर धरून उभे असल्यासारखे. ओळख वाढल्यावर माणूस विचारतो तसं मी विचारलं, "लखमा, तुझं गाव रे कुठलं?" त्यानं हनुवटीनं पाण्याकडं दाखवलं. मला वाटलं पलीकडच्या काठाला.

"पलीकडं?"

"नाय. आत."

मी पाण्याकडं बघतच राहिलो. त्यावर एक बगळा होता आणि ऊन होतं. आत गाव होतं. लखमानं विडी पेटवली आणि म्हणाला, "आंबा दोन उन्हाळे दिसत होता. शेंडा. मग तोपण गेला."

आता त्या हंगामाचं सांगतो.

निवडणूक येणार अशी हवा होती. श्रावणात शाळेचे एक मास्तर यादी दुरुस्त करायला घरोघर फिरणार होते. मी महिनाभर आधीच माझा वर्ग भरवला. नव्या माणसांची नावं यादीत चढलीच पाहिजेत, हा माझा हट्ट. देशात राहायचं आणि यादीत नाही, म्हणजे पंगतीत उभं राहून दुसऱ्याचं जेवण बघायचं. जुन्या कॅलेंडरच्या पानांवर मी चित्रं काढली, बैल, छत्री, घड्याळ, दिवा, आणि गेटपासचा शिक्का देऊन सगळ्यांकडून घटवून घेतलं. शिक्का मारायचा, फुंकर घालायची, आणि कागदाची घडी अशी उभी घालायची की ओली शाई शेजारच्या चित्राला लागता कामा नये. आमची मंडळीसुद्धा पोळ्या लाटता लाटता शिकली. तिची घडी सगळ्यांत चांगली यायची, पोळीची सवय.

पण खरा धडा वेगळाच होता. आपल्या भाषेत एक मोठा घोळ आहे. राहता कुठं, हे वेगळं. आणि गाव कुठलं, हे वेगळं. माणूस पन्नास वर्षं एका जागी राहील, तिथंच म्हातारा होईल, पण गाव विचारलं की जिथं त्याची नाळ पुरली तेच तोंडातून बाहेर पडेल. कचेरीतल्या माणसाला त्याचं काय? तो ऐकेल ते लिहील. म्हणून मी ओसरीवर बसून एकेकाला घोटून घ्यायचो.

"बोल. गाव?"

"पारोळा."

"चूक. बस खाली. तू बोल. गाव?"

"अमळनेर, नाना. म्हणजे... राखोली."

"अमळनेर गिळ आधी. मग बोल."

"राखोली."

"हां. गाव विचारलं की राखोली सांगायचं. आई विसरलात तर चालेल, हे विसरायचं नाही."

मास्तर आले ते भर पावसात. गुजराती माणूस, छत्री गळकी, कागद प्लास्टिकच्या पिशवीत. ओसरीवर सगळे जमलेले. मास्तर विचारायचे, "गाम?" आणि माझे विद्यार्थी एकामागून एक ओरडायचे, "राखोली!" पारोळ्यावाला तर उभा राहून बोलला. लखमाला विचारलं, तोही सहज म्हणाला, "राखोली." ज्याचं गाव पाण्यात, तो असं बोलला जणू कधी दुसरं गाव नव्हतंच. माझी छाती अशी फुगली, की सदऱ्याचं बटण जाईल.

तेवढ्यात दाराला टेकून उभे असलेले जोशी साहेब म्हणाले, "नाना, सगळ्यांना तुम्ही राखोलीकर करून टाकलंत. पण तुमचं स्वतःचं गावबिव आहे का काही? की गेटवरच उगवलात?"

सगळे हसले. ज्यांना मी महिनाभर घोटलं, तेही हसले. मास्तरही हसले. आमचे आजोबा गावात पोळ्याला मानाचा बैल पुढं काढायचे. आमच्या घरचा बैल वेशीतून गेल्याशिवाय दुसऱ्याचा हलायचा नाही. आणि हा कालचा पोरगा मला म्हणतो, गेटवर उगवलात! माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मास्तरांनी माझ्या नावावर बोट ठेवून विचारलं, "काका, तमारुं गाम?"

मी म्हणालो, आणि एवढ्या मोठ्यानं म्हणालो की पावसातूनही ऐकू गेलं असेल, "लिहा मास्तर! पिंपळखेडं! तालुका शिरपूर, जिल्हा धुळे! बापजाद्यांपासूनचं!"

मास्तरांनी पेन थांबवलं. "तो पछी अहीं?" मग इथं?

"इथं काय, पोटासाठी. आमचं काय, आज आहे, उद्या नाही."

असं आपण म्हणतोच की. बसलेल्या जागेवरून चाळीस वर्षं न हलणारा माणूसही म्हणतो. मास्तरांनी लिहिलं, आणि कागद माझ्यापुढं केला. सगळा मजकूर गुजराती. ती अक्षरं मला नेहमी डोक्यावरची रेघ पुसलेल्या मराठीसारखी दिसतात; लांबून ओळखीची वाटतात, वाचायला जावं तर फसवतात. मास्तरांना म्हणायला हवं होतं, वाचून दाखवा. पण माझा सगळा वर्ग बघत होता, साहेब बघत होते. मी कागदावरून नजर फिरवली, वाचल्यासारखी मान हलवली, आणि 'नामदेव'मधल्या 'व'ला शेपूट काढून झोकात सही केली.

मतदान आलं ते भात कापायच्या ऐन दिवसांत. शाळेच्या वाटेवर दोन्हीकडं पेंढ्यांचे भारे उभे, धुकं अजून भिंतींना चिकटलेलं, कारखान्याच्या चिमणीचा धूर आणि तुसाची पूड एकत्र होऊन घशात खवखवत होती. आमची मंडळी नवं लुगडं नेसून बायकांच्या रांगेत. पुरुषांच्या रांगेत सगळ्यांत पुढं मी, कारण पहाटेच मी सगळ्यांना उठवून आणलं होतं. माझ्यामागं पारोळा, अमळनेर, शहादा, आणि जोशी साहेब.

टेबलापाशी बसलेल्या माणसानं माझं नाव यादीत शोधलं. त्याचं बोट खाली खाली गेलं आणि एका जागी थांबलं. मी डावा हात शाईसाठी पुढं केला, बोट ताठ. तो वर बघेना.

"काका, नाम तो छे," तो म्हणाला, "पण कापेलुं छे."

"कापेलुं म्हणजे?"

त्यानं कागद माझ्याकडं फिरवला. माझं नाव होतं आणि नावावरून आडवी रेघ होती. ज्या अक्षरांना डोक्यावर रेघ नसते, त्यांना नेमकी मधून दिलेली होती. "बहारगाम गया, एम लख्युं छे."

"बाहेरगावी गेलो? मी? अहो, मी तुमच्यासमोर उभा आहे!"

त्या माणसाचं काही वाईट नव्हतं. त्यानं हळू आवाजात, मागच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून जपून सांगितलं, "काका, अहीं छो. पण कागळमां गया छो." इथं आहात, पण कागदात गेला आहात.

माझे पाय जमिनीला टेकलेले आहेत की नाहीत, हे मी खाली बघून तपासलं. खरंच सांगतो. चपला होत्या, चपलांत पाय होते. आणि मग श्रावणातला तो पाऊस, ती गळकी छत्री, आणि माझाच आवाज मला ऐकू आला. आज आहे, उद्या नाही. उद्या तो हाच होता.

मागून जोशी साहेब म्हणाले, "नाना, झालं का? का चित्र सापडत नाही?" रांग हसली. मी कधी कुणाला पाठ दाखवली नव्हती. तेव्हा दाखवली. टेबलाच्या बाजूनं, शाळेच्या मागच्या दारानं बाहेर पडलो, हापशापाशी गेलो. खिशात मशीन पुसायचा सुताचा गुंता होता. तो बोटाला गुंडाळला, वरून रुमालाची चिंधी फाडून बांधली, दातांनी गाठ मारली. शेंगदाण्याएवढंही खरचटलेलं नव्हतं.

थोड्या वेळानं सगळे बाहेर आले. सगळ्यांची डावी बोटं वर, नखावर जांभळी-काळी रेघ. एकमेकांना दाखवताहेत, हसताहेत. माझे विद्यार्थी! जोशी साहेब म्हणाले, "नाना, दाखवा बोट!"

"पंपाच्या पट्ट्यात सापडलं."

"आजच?"

"मशीनला मतदान कळतं का साहेब?"

ते म्हणाले, बरोबर आहे. पटलंच त्यांना. मला मात्र माझंच बोलणं ऐकून शिसारी आली.

घरी मंडळीनं विचारलं, "तुम्हना बोटले काय जायं?" बोटाला काय झालं, म्हणून. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, चिंधीकडं बघितलं, आणि तिला कळलं. नंतर हळूच म्हणाली, "मंग आपला गावले व्हई ना नाव, तठे?" गावच्या यादीत असेल की. तिथं कुठून असणार? तिथलं तर मीच जाऊन कापून आणलं होतं. गावच्या तलाठ्यानं विचारलेलं, कायमचा चाललास का? मी मान वर करून म्हटलेलं, कायमचा. मी हिशेब करत बसलो. हिमालयापासून समुद्रापर्यंत एवढा मोठा देश, आणि त्यात एकाही गावाच्या कागदावर मी नाही. जेवायला वाढताना मंडळीनं स्वतःचं शाईचं बोट पदराखाली घेतलं होतं. उजव्या हातानंच सगळं वाढत होती. चांगलं मोकळं हसत वाढलं असतं, तर मला इतकं लागलं नसतं.

त्याच संध्याकाळी लखमाच्या पाड्यावर नव्या भाताचा नाच होता. दिवस डोंगराला टेकला होता, खळ्यावर राशीचं सोनं विझत चाललं होतं. मी लांब उभा होतो. तारप्याचा तो आवाज, मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा, पोटात घुसतो. लखमानं मला ओढून साखळीत घेतलं. त्याच्या हातात माझा डावा हात आला. फिरता फिरता त्याची पकड सैल झाली, मग पुन्हा घट्ट झाली, पण चिंधीवर नाही, मनगटावर. मी तारप्याकडं तोंड करून फिरत राहिलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, तारपा माझ्याकडं पाठ करून वाजतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी लखमा गेटवर आला. मुठीत दगडीपाला, जखमेवर चोळतात तो. "नांगू दे," म्हणाला. नांग म्हणजे बघ.

"काही नको रे. बरं आहे."

"नांगू दे."

मी हट्टी, पण तो माझ्याहून हट्टी. गाठ सोडली, चिंधी काढली, सुताचा गुंता काढला. आत बोट. पांढुरकं, सुरकुतलेलं, धड. ना जखम, ना शाई. लखमानं ते उलटसुलट फिरवून बघितलं. मी गेटच्या दांड्याकडं बघत होतो. एक ट्रक भोंगा वाजवत होता, मी तो उघडला नाही.

लखमा म्हणाला, "माझा गाव पाण्यात, पण नाव कोरड्यात. तुझा गाव कोरडा, नि नावच बुडाला."

तो हसला नाही. मीही नाही. मग त्यानं तळहातावर पाला चुरगाळला आणि त्या धड बोटावर, नखाच्या मुळाशी, रस पिळला. सावकाश, खरी जखम असावी तसा. चिंधी पुन्हा गुंडाळली, गाठ मारली. "दोन दिवस ठेव. कुणी विचारलं तर सांग, लखमानं पाला लावला." आणि पाण्याचा पाइप उचलून झाडांकडं निघून गेला.

दोन दिवसांनी चिंधी सोडली, तर रसाचा काळपट डाग नखाच्या कडेला बसला होता. जोशी साहेबांनी बघितला. "अहो नाना, चिंधीखाली शाई होतीच की!" मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ते पुढं बडोद्याला गेले. त्यांना अजून खरं माहीत नाही.

नंतरच्या वर्षी मी कचेरीत गेलो, नव्या माणसासारखा, नव्या माणसांच्या रांगेत. साक्षीला लखमा. कारकुनानं त्याला विचारलं, याला कधीपासून ओळखतोस? लखमा म्हणाला, "हा लग्नात भटजी शोधीत होता, तवापासून." कारकुनाला काही कळलं नाही, पण त्यानं अंगठा घेतला. माझं नाव चढलं. तेव्हापासून मी एकही मतदान चुकवलेलं नाही. लखमा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याच्या कुंपणालगतच्या भाताचाच तुकडा तो, समोर झोडणी चाललेला. त्याची सून करते. हट्ट कुणाचा, हे आता तुम्हाला कळलं असेल.

नव्या माणसांना मी नंतरही हिंडवलं. चर्च, रेघ, कणसरी, धरण, सगळं. पण तो 'गाव?'चा वर्ग मात्र पुन्हा घेतला नाही. सांगायचो एवढंच, की विचारेल त्याला नीट विचारून घ्या, कुठलं गाव म्हणतोस बाबा. आणि हे सगळं सांगतानाही मी कधी कबूल केलं नाही, की त्या कागदावर मी न वाचता सही केली होती. मंडळीलाही नाही. माझी चूक म्हणजे मी रागात गाव सांगितलं, इथपर्यंतच मी तिला येऊ दिलं होतं.

दारातली पोरगी थांबलेली होती. तिनं पुन्हा विचारलं, "बाबा, गाव?"

"राखोली!" मी म्हणालो.

"हळू बाबा, मला ऐकू येतं," ती हसून म्हणाली. लिहिलं, आणि कागद पुढं केला. "इथं सही करा."

मी चष्मा लावला. तीच अक्षरं, डोक्यावरची रेघ पुसलेली. नजर वरून खाली फिरवली. मान हलवायला सवयीनं उचललीही होती. समोरच्या खळ्यावर झोडणीचा ठोका पडला, आणि बोट मुठीत गेलं.

"पोरी," मी म्हणालो, "मला हे वाचता येत नाही. वाचून दाखव."

आत भांडी घासायचा आवाज थांबला.

पोरीनं वाचलं. माझं नाव वाचलं, माझ्या वडलांचं नाव वाचलं, वय वाचलं, आणि मग गाव वाचलं, राखोली. मंडळी ओले हात पदराला पुसत दारात येऊन उभी राहिली.

"पुन्हा वाच," मी म्हणालो.